हिरव्या वायरीची स्प्रिंग

स्विचबोर्डाचं झाकण लावायच्या आधी वायरमन थोडा थांबतो. लाल आणि काळ्या वायरी त्याने अंगठ्याने दाबून, मुडपून, वेळप्रसंगी शिवी हासडून आत कोंबलेल्या असतात. त्यांच्याकडे आता त्याचं लक्ष नसतं. हातात उरलेली असते हिरवी. ती तो हळूच बाहेर ओढतो, टेस्टरच्या दांड्यावर टेकवतो आणि एकेक वेढा शेजारी शेजारी बसवत गुंडाळायला लागतो. दहा-बारा वेढे झाले की टेस्टर मागे ओढून घेतो, तयार झालेली स्प्रिंग जरा लांब धरून बघतो, एखादा वाकडा वेढा नखाने ठीक करतो आणि मगच स्क्रू आवळतो. नवरीच्या कपाळावर पार्लरवाली एक बट मुद्दाम मोकळी सोडून बोटावर वळवते, त्याच तन्मयतेने. मग झाकण बसतं आणि ही कलाकृती पुढची वीस वर्षं कोणाच्या दृष्टीला पडत नाही.

लाल वायरीची स्प्रिंग केलेली मी कधी पाहिलेली नाही. काळीचीही नाही. जादा लांबी त्यांनाही ठेवलेली असते, पण ती बोर्डाच्या पोटात कशीही दडपलेली. लाड फक्त हिरवीचे. लाल आणि काळी रोज राबतात. पंखा, गीझर, मिक्सर, सगळं त्यांच्या जिवावर. हिरवी मात्र सगळं ठीक चाललेलं असताना काहीच करत नाही, आणि तिने काही करायची वेळ आलीच तर तो सेकंदाच्या काही शतांश भागांचा खेळ. त्यामुळे तिच्या वाट्याला वेळ भरपूर.

हे कशासाठी करता, असं मी बऱ्याच वायरमनांना विचारलेलं आहे. उत्तरं अत्यंत ठाम असतात आणि एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. एक म्हणाला, ‘‘करंट त्या स्प्रिंगमधनं फिरून फिरून दमतो साहेब. खाली जाईपर्यंत जोर राहत नाही.’’ दुसऱ्याचं म्हणणं, शॉर्टसर्किट झालं की झटका बसतो, तो झेलायला स्प्रिंग. तिसरा वयाने मोठा होता. त्याच्या उस्तादाने तसं शिकवलं होतं, आणि उस्तादाला त्याच्या उस्तादाने. त्यापलीकडे जायची त्याला गरज वाटत नव्हती. चौथ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘दिसायला बरं दिसतं.’’

आणि जे खरं कारण आहे ते सांगणारे अगदी थोडे. बोर्ड कधीतरी पुन्हा उघडावा लागतो. टोक तुटतं, काळं पडतं, स्क्रूखाली चेपलेलं असतं. ते कापून नवं काढायचं तर हातभर नाही तरी वीतभर वायर शिल्लक हवी. ती नसली की पुढचा माणूस जोड देतो, आणि अर्थिंगच्या वायरीला मधे जोड म्हणजे पुढच्या भानगडीचं निमंत्रण. इतकं साधं, सरळ आणि शहाणपणाचं कारण आहे. पण ते सांगायचं तर आपल्यानंतर इथे दुसरा कोणीतरी येणार आहे, हे गिऱ्हाइकासमोर कबूल करावं लागतं. कोणता वायरमन ते करेल?

आमच्या सोसायटीत ह्या विषयाला तोंड फुटलं ते मीटरच्या खोलीत. जुनं लाकडी फळ्यांचं प्रकरण काढून तिथे नवं पॅनल बसवलं गेलं. चोवीस बिऱ्हाडांच्या चोवीस हिरव्या वायरी, एका तांब्याच्या पट्टीवर ओळीने आवळलेल्या, आणि प्रत्येकीला स्प्रिंग. वायरमनने त्याचा मोबाइलवर फोटोही काढला होता. तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले, पॅनलचं दार उघडलं, आणि म्हणाले, ‘‘हे काय केलंस? हे चोवीस चोक बसवलेस तू इथे!’’

काका वीज मंडळातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, पण काका अजून मंडळच म्हणतात, आणि आपण कुठल्याही कंपनीतून निवृत्त झालेलो नाही हे बजावून सांगतात. त्यांच्याकडे आयएस ३०४३ ह्या अर्थिंगच्या भारतीय मानकाची १९८७ची प्रत आहे. २०१८ साली सुधारलेली नवी आवृत्ती आली, ती त्यांनी घेतलेली नाही. जुनी पाठ आहे, असं ते म्हणतात.

‘‘चोक नाही काका, अर्थिंग आहे,’’ वायरमन म्हणाला.

‘‘तार गुंडाळली की कॉइल होते. कॉइल झाली की इंडक्टन्स आला. इंडक्टन्स आला की करंटला अडथळा. ज्या वाटेने करंट बिनबोभाट खाली जायला पाहिजे, त्याच वाटेवर तू गतिरोधक घातलेस.’’

‘‘पंचवीस वर्षं करतोय काका. आजपर्यंत एक माणूस मेलेला नाही.’’

‘‘मेलेला माणूस तक्रार करायला येतो का?’’

ह्यावर उत्तर नव्हतं. त्यामुळे विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे गेला.

सभा नेहमीप्रमाणे पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. चेअरमनना पार्किंगच्या वाटपाचा विषय आधी संपवायचा होता, पण काका उठून उभे राहिले की थांबत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे अर्थिंगचा विषय वर घेण्यात आला. काकांनी चोकचा सिद्धान्त पुन्हा मांडला. वायरमनलाही बोलावलेलं होतं. तो स्कूटरला टेकून उभा होता. दहा मिनिटांत सभेत दोन पक्ष पडले. गुंडाळी काढा म्हणणारे आणि असू द्या म्हणणारे. दोन्हीकडच्या बहुतेकांनी आपलं मीटर नेमकं कोणतं हे कधी पाहिलेलं नव्हतं.

पहिल्या मजल्यावरची एक मुलगी इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला आहे. तिने सभेच्या नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, टेस्टरवर बारा वेढे. वेढ्याचा व्यास वायरीच्या मध्यापासून धरला तर साधारण साडेआठ मिलिमीटर, स्प्रिंगची लांबी चार सेंटिमीटरच्या आसपास, त्यात खपलेली वायर सुमारे बत्तीस सेंटिमीटर. इंडक्टन्स आला पाव मायक्रोहेन्री. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची. त्या वेगाला ह्या स्प्रिंगचा विरोध ओहमच्या एक हजारांश भागाचासुद्धा दशांश होत नाही. उलट त्याच बत्तीस सेंटिमीटर तांब्याचा नुसता स्वतःचा रोध ह्याच्या तीसपट. म्हणजे काकांच्या गतिरोधकापेक्षा रस्ताच जास्त खडबडीत.

‘‘गीझरच्या बॉडीला फेज लागली,’’ ती म्हणाली, ‘‘आणि दोनशे तीस अँपिअर जरी अर्थिंगमधून गेले, तरी ह्या वेढ्यांमुळे दोन शतांश व्होल्टसुद्धा अडत नाहीत. सोळा अँपिअरची सी प्रकारची एमसीबी फार तर एकशे साठला तत्काळ पडते. तिला ह्या स्प्रिंगचा पत्ताही लागणार नाही.’’

वायरमनने स्कूटरवरचा हात काढून छातीवर बांधला.

काका डगमगले नाहीत. ‘‘पन्नास फेऱ्यांचं काय सांगतेस? आकाशातली वीज पडली तर?’’

हा मुद्दा मात्र खरोखर मोठा, आणि तो उपस्थित करणारे काका पहिले नव्हेत. इंग्लंडात बाथ ह्या गावी १८८८च्या सप्टेंबरात ब्रिटिश असोसिएशन ह्या विज्ञानसंस्थेची वार्षिक सभा भरली होती, आणि तिथे जवळजवळ हेच भांडण झालं. एका बाजूला विल्यम प्रीस, पोस्ट खात्याच्या तारायंत्रांचा विद्युत-प्रमुख, हयात खांब आणि तारा सांभाळण्यात गेलेली. दुसऱ्या बाजूला लिव्हरपूलचे प्राध्यापक ऑलिव्हर लॉज. प्रीसचं म्हणणं, वीजवाहकाला जाड तांबं आणि चांगली जमीन एवढं पुरतं. रोध कमी ठेवा, बाकी इंडक्टन्स वगैरे पुस्तकी बागुलबुवा. लॉजने त्याच वर्षी प्रयोग करून दाखवले होते. लायडन जारमध्ये साठवलेली वीज सोडताना त्याने तिला दोन वाटा दिल्या: एक जाडजूड तांब्याची तार, रोध जवळपास नाहीच, दुसरी हवेतली फट. वीज तांबं सोडून हवेतून उडी मारून गेली. अचानक उसळणाऱ्या प्रवाहाला रोधापेक्षा इंडक्टन्सच जास्त नडतो, हे त्यातून दिसलं. प्रीसला ते पटलं नाही. त्याचे खांब इतकी वर्षं नीट उभे होते ना? एक माणूस मेलेला नव्हता.

लॉजचंही सगळं बरोबर होतं असं नाही. आकाशातली वीज लायडन जारमधल्या विजेप्रमाणे मागेपुढे झोके घेते हे त्याचं गृहीतक पुढे टिकलं नाही. इंडक्टन्सचा मुद्दा मात्र टिकला. गंमत अशी की तारांवरच्या ह्याच प्रयोगांतून लॉज विद्युतचुंबकीय लहरींच्या अगदी दारापर्यंत पोचला होता, पण जर्मनीतल्या हाइन्रिख हर्ट्‌झने आधी बाजी मारली, आणि ती बातमी भौतिकशास्त्रज्ञ फिट्झजेराल्डने बाथच्या ह्याच सभेत, आपल्या विभागाच्या अध्यक्षीय भाषणात सांगितली. रेडिओचं युग सुरू होत होतं आणि एका कोपऱ्यात दोन माणसं अर्थिंगच्या तारेवरून हमरीतुमरीवर आली होती. सर्वसाधारण सभा कुठलीही असो, विषयपत्रिकेचं असंच होतं.

आता पहिल्या वायरमनचं ते उत्तर आठवून पाहा, करंट फिरून फिरून दमतो म्हणणारं. ते अगदीच खोटं नाही. रोजच्या विजेला लागू नाही, पण आकाशातल्या विजेला थोडंफार लागू आहे. अडचण एवढीच की नेमकं तिलाच दमवायचं नसतं. तिला दमवलं तर ती वाट सोडते आणि शेजारच्या भिंतीतल्या पाइपात, टीव्हीच्या केबलमध्ये, फाटकाच्या लोखंडात, जिथे जमेल तिथे शिरते. म्हणून इमारतीवरच्या वीजवाहक पट्टीबाबत नियम असा आहे की ती शक्य तितकी सरळ खाली यावी. कठड्याला वळसा घालावाच लागला, तर त्या वळणात गेलेल्या पट्टीची लांबी वळणाच्या उघड्या तोंडाच्या आठपटीहून जास्त नको. नाहीतर वीज वळसा घालायचा कंटाळा करते आणि तोंडातूनच आरपार जाते. कठड्याला प्रदक्षिणा घालत, प्लंबरच्या पाइपांशी संगत करत खाली उतरणाऱ्या पट्ट्या मी पाहिल्या आहेत. आणि अर्ध्यावरच संपणाऱ्याही, कारण तांब्याला भंगारात भाव चांगला येतो.

‘‘बरोबर आहे काका,’’ मुलगी म्हणाली. ‘‘पण हीच बत्तीस सेंटिमीटर वायर सरळ ठेवली, तरी तिचा इंडक्टन्स पाव मायक्रोहेन्रीहून थोडा जास्तच येतो.’’

सभेत कुजबूज झाली. काकांनी नोटीस मागून घेतली, उलटी धरली, सुलटी केली, गणित तपासलं. बरोबर होतं. सुट्या सरळ तारेचा इंडक्टन्स मीटरला ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री. इतक्या बारीक आणि मोजक्या वेढ्यांच्या स्प्रिंगने त्यात भर पडत नाही. शेकडो वेढे घातले, व्यास मोठा केला किंवा मधे लोखंड सारलं तर गोष्ट वेगळी. (स्प्रिंग करताना टेस्टरचा दांडा आतच राहिला असता तर काकांच्या चोकमध्ये थोडा जीव आला असता. पण टेस्टर विसरणारा वायरमन अजून जन्माला यायचाय. पक्कड विसरतात.)

म्हणजे दोष वेढ्यांचा नाही. लांबीचा. वायर गुंडाळली म्हणून बिघडलं नाही; गुंडाळण्याइतकी लांब ठेवली, ह्यात जे काही असेल ते आहे. आणि घरातल्या साध्या बोर्डात तेही काही नाही.

एका जागी मात्र आहे, आणि ती काकांनी बरोबर हेरली. नव्या पॅनलमध्ये सर्ज रोखणारं एक उपकरण बसवलं होतं, आणि त्याच्या हिरव्या वायरीलाही स्प्रिंग केलेली होती. वळवाच्या पावसात आमच्या भागात राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि लिफ्टची कार्डं माना टाकतात, म्हणून गेल्या वर्षी वर्गणी काढून ते घेतलं. त्याचं काम, वरून आलेला उसळता दाब पटकन जमिनीकडे वळवणं. त्यासाठी त्याच्या वायरी आखूड आणि सरळ हव्यात, सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. अशा उपकरणाची चाचणी करतात ती लाट आठ मायक्रोसेकंदांत शिखर गाठते. ती दहा हजार अँपिअरची धरली तर वायरीच्या दर मीटरमागे सव्वा हजार व्होल्ट नुसते वायरीवरच उभे राहतात. उपकरण म्हणतं, मी दाब दीड हजारावर रोखून धरला. आणि वायर म्हणते, थांबा, माझेही त्यात मिळवा. नुसत्या स्प्रिंगचे तीन-साडेतीनशे. लिफ्टच्या कार्डापर्यंत पोचते ती बेरीज.

‘‘ही एक काढ,’’ काका म्हणाले. ‘‘बाकीच्या राहू देत.’’

मला हा निवाडा पूर्ण मान्य आहे. बोर्डात स्प्रिंग करायची तर करावी. त्याच्यापेक्षा एक सैलसा वळसा सोडला तर बोर्डात हवा खेळते आणि वेळही वाचतो, पण माणसाला कामात काही गोडी हवी. सर्जच्या उपकरणाला आणि गच्चीवरून येणाऱ्या पट्टीला मात्र लाड नकोत.

वायरमनने मान हलवली. पण हार मानून गप्प बसण्याचा त्याचा स्वभाव नाही. ‘‘काका, एक विचारू? मग मंडळ खांबाखाली काय पुरतं?’’

सभेतल्या बहुतेकांना हे माहीत नव्हतं, काकांना मात्र पक्कं माहीत होतं. विजेच्या खांबाच्या मुळाशी जी अर्थिंग करतात तिला कॉइल अर्थिंगच म्हणतात. चार मिलिमीटर जाडीची जस्त चढवलेली लोखंडी तार, पन्नास मिलिमीटर व्यासाचे एकशे पंधरा वेढे, एकाला एक घट्ट चिकटून, आणि ती दीडेक मीटर खोल खड्ड्यात गाडायची. महाराष्ट्रभर, देशभर, खेड्यापाड्यांत अशा किती पुरल्या असतील. काकांनी स्वतः कितीतरी पुरून घेतल्या, आणि वेढे कमी भरले म्हणून कंत्राटदाराचं बिलही अडवलेलं. आता त्याच काकांनी बारा वेढ्यांवर आक्षेप घ्यावा?

‘‘ती वेगळी,’’ काका म्हणाले. ‘‘ती वायर नाही. ती इलेक्ट्रोड आहे.’’

हे तांत्रिकदृष्ट्या बिनचूक उत्तर सभेला पळवाट वाटलं. त्यांनी मग समजावून सांगितलं, आणि मला वाटतं सगळ्या सभेत तेवढी पाच मिनिटं काका खऱ्या अर्थाने आपल्या मुलखात होते. जमिनीत पुरलेल्या वस्तूला मातीशी जितकं मोठं अंग तितकं चांगलं. घट्ट वेढ्यांचं ते भेंडोळं मातीच्या दृष्टीने अर्धा मीटर लांबीचा जाड लोखंडी दांडाच. पण दांडा वाहून न्यावा लागतो, विकत घ्यावा लागतो, आणि रात्रीतून कोणी उपटून नेतो. तार खांबाबरोबर येतेच; जागेवर गुंडाळा आणि पुरा. त्या गुंडाळीत अठरा मीटर तार जाते. तीच अठरा मीटर चर खणून सरळ पुरली असती तर मातीशी कितीतरी चांगली सलगी झाली असती.

‘‘मग तसं का नाही करत?’’ कोणीतरी विचारलं.

‘‘कोण खणणार?’’ काका म्हणाले. दोन शब्दांत त्यांनी मंडळाचा अर्धा इतिहास सांगितला.

इथे विषय संपला असता. चेअरमननी पार्किंगचा नकाशा उलगडलाही होता. पण त्या मुलीने विचारलं, ‘‘ह्या चोवीस वायरी पट्टीला आल्या. पट्टीतून पुढे कुठे जातात?’’

वायरमन म्हणाला खाली. काका म्हणाले खड्ड्यात. सेक्रेटरी म्हणाले, बिल्डरने केलेलंच असेल की. खड्डा नेमका कुठे, हे तिघांनाही सांगता येईना.

मग बल्ब आला. शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब, होल्डर, दोन वायरी. एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगला. अर्थिंग चांगली असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटायला हवा. वायरमन, काका, ती मुलगी आणि मागून निम्मी सभा असा लवाजमा घरोघरी फिरला. तळमजल्यावर बल्ब मिणमिणला. पहिल्यावर एका घरात पेटलाच नाही. मॉड्युलर किचन बसवताना सुताराला ती हिरवी वायर आड आली होती आणि त्याने ती कापून फळीमागे सारली होती. कापलेलं टोक सापडलं. त्याच्या वर, बोर्डात, सुरेख बारा वेढ्यांची स्प्रिंग तशीच होती.

दुसऱ्या मजल्यावर दोन घरी आरसीसीबी होता. बल्ब लावताक्षणी तो ताडकन पडला आणि घरभर अंधार. ह्या यंत्राला तीस मिलिअँपिअरची गळती खपत नाही, बल्ब तर चारशेच्या वर ओढतो. म्हणजे ते अगदी चोख काम करत होतं. त्यांतल्या एका घरातल्या काकू मात्र रडवेल्या झाल्या. ‘‘सगळ्यांकडे थोडं तरी पेटतंय, आमच्याकडेच बिघाड का हो?’’ त्यांची समजूत घालण्यात वेळ गेला.

आणि चौथ्या मजल्यावर एका घरी बल्ब असा लखलखला की टाळ्या पडल्या. घरमालकांनी विनयाने मान झुकवली. काकांनी मात्र सॉकेट उघडायला लावलं. आत अर्थिंगच्या पिनेतून वायरीचा एक बोटभर तुकडा सरळ न्यूट्रलला जोडलेला. कोणा कारागिराने अर्थिंग सापडत नाही म्हणून काढलेली ही पळवाट. बल्बला फेज आणि न्यूट्रल मिळाले, तो पेटणारच. ह्यात एखाद्या दिवशी मागे न्यूट्रल तुटली, तर फ्रिजचं, वॉशिंग मशीनचं सगळं पत्र्याचं अंग दोनशे तीस व्होल्टांचं होतं. सगळ्या इमारतीत सगळ्यात तेजस्वी बल्ब सगळ्यात धोक्याच्या घरात. घरमालकांना हे पटायला जड गेलं. अजूनही ते लिफ्टमध्ये भेटले की म्हणतात, ‘‘पण पेटला होता चांगला.’’

ह्या फेरीत तीन पिनांच्या सॉकेटांची जी दशा दिसली तिच्यावर वेगळा लेख होईल. वरचं मोठं भोक अर्थिंगचं. त्यातली पिन मुद्दाम जाड, म्हणजे ती फेजच्या भोकात जाऊ नये. आणि मुद्दाम लांब, म्हणजे प्लग घालताना अर्थिंग आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी. कोणीतरी किती विचार केला असेल! आणि आपण त्या भोकाचा उपयोग करतो तो रिफिल खुपसायला. आतली झडप ह्याच पिनेने उघडते, म्हणून दोन पिनांचा चार्जर बसवायचा तर वरच्या भोकात बॉलपेनची रिफिल किंवा काडेपेटीची काडी. एका घरी तर त्यासाठी खास बांबूची काडी, स्विचबोर्डाच्या खिळ्याला दोऱ्याने बांधून ठेवलेली होती.

शेवटी खड्ड्याचा शोध. पॅनलमागून एक पट्टी भिंतीने खाली उतरते आणि पार्किंगच्या फरशीत गडप होते. जुन्या रहिवाशांपैकी एकांना आठवलं, इथे एक चौकोनी सिमेंटचं झाकण होतं, मुलं त्यावर क्रिकेटचा स्टंप ठेवायची. पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा ते खाली गेलं. ब्लॉक काढल्यावर झाकण निघालं, झाकणाखाली नरसाळ्याचा गंजका पाइप, आणि त्याच्या भोवती कधीकाळचा लाकडी कोळसा आणि मिठाचा थर. मीठ केव्हाच पावसाने धुऊन गेलेलं. माती उन्हाळ्यात इतकी कोरडी होते की वीज तिच्यात शिरायला तयार नसते, म्हणून ह्या पाइपातून तीन-चार बादल्या पाणी घालत राहायचं असतं. नरसाळं त्यासाठीच असतं. इमारत उभी राहिल्यापासून त्यात गेली होती ती फक्त सिगारेटची थोटकं.

कोळसा आणि मीठ नवं भरायचं ठरलं, खर्च मंजूर झाला. खड्डा ज्यांच्या पार्किंगमध्ये आला त्यांनी गाडी दोन फूट मागे घेण्याच्या बदल्यात देखभाल खर्चात सूट मागितली. तो मुद्दा पुढच्या सभेवर ढकलला. पाण्याची पाळी मात्र लगेच लावली: ए विंग सोमवारी, बी विंग गुरुवारी, मार्च ते जून. सेक्रेटरींनी लिफ्टशेजारी नोटीस लावली. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली कोणीतरी पेनाने लिहिलं, ‘महापालिकेचं पाणी की बोअरचं?’ काकांनी त्याखाली उत्तर दिलं, बोअरचंच घाला, क्षार जास्त असतात, अर्थिंगला उलट बरं. त्याखाली तिसऱ्याच अक्षरात: ‘मोटरचं बिल कोणाच्या नावावर?’ आणि त्याच्याही खाली, तळमजल्यावरच्या आजींच्या ओळखीच्या वळणदार अक्षरात, ‘सोमवारी माझा उपास असतो. मी गुरुवारी घालीन.’